झोपेत दात खाणं: नुकसान काय होतं, ओळखायचं कसं आणि उपाय कुठल्या क्रमाने करायचे

सुरुवात माझ्या दाढेपासून करते. मागच्या मार्चमध्ये इयर-एंडिंगच्या धामधुमीत ऑफिसात डबा खात होते, साधी मऊ पोळी आणि दुधीची भाजी, आणि कट्कन आवाज येऊन खालच्या दाढेचा एक कोपरा जिभेवर आला. दाढ किडलेली नव्हती, कधी दुखलीही नव्हती. डेंटिस्टने आत आरसा घालून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री दात खाता का?" मी म्हटलं छे, काहीतरीच. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "अगं दोन वर्षं झाली, अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखा आवाज येतो, मला वाटलं तुला माहितीये." दोन वर्षं! आणि आईला फोन केला तर तिचं उत्तर तयारच होतं, "जंत झाले असतील, औषध घे."

त्यानंतर वर्षभर मी यात बरेच पैसे आणि त्याहून जास्त वेळ घालवला, आणि सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी महागडी गोष्ट केली, फुकटची गोष्ट सगळ्यात शेवटी कळली. म्हणून हा लेख क्रमाने लिहितेय, तुम्ही तरी उलटं करू नका. मी डॉक्टर नाही, अकाउंट्सवाली आहे, पण डोकं खाऊन खाऊन तीन वेगवेगळ्या डेंटिस्टना प्रश्न विचारलेत आणि वाचलंयही भरपूर.

आधी नीट समजून घ्या की हे नक्की आहे काय

याला डेंटिस्ट ब्रुक्सिझम म्हणतात, आणि यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात, इथेच सगळा गोंधळ होतो. एक म्हणजे रात्री झोपेत दात एकमेकांवर घासणं, ज्याचा आवाज येतो आणि जो फक्त शेजारी झोपणाऱ्याला ऐकू येतो. दुसरं म्हणजे दिवसा जागेपणी दात आवळून धरणं, ज्याचा काहीच आवाज येत नाही आणि जे स्वतःलाही कळत नाही. एक्सेल शीटमध्ये फरक सापडत नाहीये, ट्रॅफिकमध्ये रिक्षावाला मध्ये घुसलाय, सुईत दोरा ओवताय, अशा वेळी जरा लक्ष द्या, दात एकमेकांवर दाबलेले असतात. राग आला की माणूस दातओठ खातो हे आपल्या भाषेला कधीपासूनच माहिती आहे. काहींना एकच प्रकार असतो, काहींना दोन्ही असतात, मला दोन्ही होते आणि खरं नुकसान कुठल्याने जास्त झालं ते आता सांगता येत नाही.

आता एक गोष्ट जी मला चाळिशीपर्यंत माहितीच नव्हती. तोंड मिटलेलं असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले असायला नकोत! ओठ मिटलेले, पण दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटरची फट, ही जबड्याची आरामाची अवस्था आहे. जेवताना आणि आवंढा गिळताना दात टेकतात तेवढेच, आणि ते सगळं मिळून दिवसाच्या २४ तासांत साधारण १५-२० मिनिटं भरतं. म्हणजे दातांची, जबड्याच्या सांध्याची आणि गालाच्या स्नायूंची ड्युटी एवढीच. आपण त्यांच्याकडून चार-पाच तास ओव्हरटाइम करून घेतो आणि मग म्हणतो डोकं का दुखतंय.

रात्रीचं गणित वेगळं आहे. पूर्वी समज होता की वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून माणूस ते घासतो, आता तो मागे पडलाय. झोप हलकी असताना मेंदू मध्येच काही सेकंदांसाठी अर्धवट जागा होतो (हे सगळ्यांनाच रोज रात्री अनेकदा होतं, आठवत नाही इतकंच), तेव्हा हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू तालात आकसायला लागतात. ज्यांच्यात हे जास्त आणि जोरात होतं ते दात खातात. म्हणजे सुरुवात मेंदूत होते, दात बिचारे शेवटच्या टोकाला मार खातात. मोठ्या माणसांत साधारण ८ टक्के लोकांना हे असतं, लहान मुलांत बरंच जास्त, आणि साठीनंतर कमी होत जातं. घराण्यातही चालतं, माझे बाबा खायचे असं आईने नंतर सांगितलं, जंतांचं सांगून झाल्यावर.

आणि घाबरून जायच्या आधी हेही वाचा. २०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून एक मत मांडलं की एरवी तब्येत ठणठणीत असलेल्या माणसात दात खाणं हा स्वतः काही आजार नाही, ती एक स्नायूंची हालचाल आहे, काहींना तिच्यामुळे नुकसान होतं, काहींना काहीच होत नाही. म्हणजे कोणी म्हटलं "तू रात्री दात खातोस" की लगेच पळत जाऊन पाच हजार खर्च करायचे असं नाही. नुकसान दिसतंय का ते आधी बघायचं.

नुकसान कुठे कुठे होतं

सगळ्यात आधी दातांचं वरचं आवरण, इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण, पण एकदा गेलं की परत येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपून जातात. ते झिजलं की आतला पिवळसर मऊ थर उघडा पडतो, मग थंड पाणी लागलं की सळक जाते, आईस्क्रीम डाव्या बाजूने खायचं वगैरे आपण स्वतःच जुगाड करत राहतो. पटाशीचे दात आखूड आणि सपाट दिसायला लागतात, सुळ्यांची टोकं जातात. दाढांना बारीक तडे जातात आणि हे तडे भारी लबाड असतात, एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाहीत, फक्त काहीतरी कडक चावून सोडताना कळ येते. तडा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचला तर रूट कॅनाल, आणि मुळापर्यंत उभा गेला तर दाढ काढावीच लागते. जुनी फिलिंगं निसटतात, कॅपचं पोर्सेलिन उडतं. इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून लावलेला कृत्रिम दात) असेल तर जास्त सांभाळायला हवं कारण नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती एक बारीक पडदा असतो जो जोर किती पडतोय ते मेंदूला कळवतो, इम्प्लांटला तो नसतोच, त्यामुळे किती दाबतोय ते कळतच नाही.

मग स्नायू. कानाच्या खाली-पुढे, जबड्याच्या कोपऱ्यापाशी बोट ठेवून दात आवळा, जो टणक गोळा फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू, कानशिलावर दुसरा आहे. तरुण माणूस दाढांवर पूर्ण जोर लावून चावला तर ५०-७० किलो वजनाइतका दाब पडू शकतो. रात्रभर असा व्यायाम झाला की सकाळी उठल्यावर दोन्ही कानशिलं जड, जबडा आखडलेला, जांभई देताना कुरकुर. सकाळी असणारी आणि दहा-अकरापर्यंत आपोआप ओसरणारी डोकेदुखी ही याची बऱ्यापैकी ठळक खूण आहे. (पण घोरणाऱ्यांतही अशीच डोकेदुखी असते, ते पुढे येतंय.) वर्षानुवर्षं झालं की काहींचा चेहरा खालून चौकोनी दिसायला लागतो, स्नायू खरंच वाढलेला असतो.

कानदुखी हा एक मजेशीर प्रकार. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात आहे, त्यामुळे दुखतो तो आणि वाटतं कान. माझ्या नणंदेने कानाचे ड्रॉप्स दोन महिने घातले, कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले कान स्वच्छ आहे, तेव्हा कुठे डेंटिस्टकडे गेली. सांध्यात टक् टक् आवाज येणं मात्र खूप लोकांत असतं आणि दुखत नसेल, तोंड अडकत नसेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत, त्याचं टेन्शन घेऊन पुन्हा दात आवळू नका.

पायरी पहिली: घरच्या घरी तपासणी

शेजारी झोपणाऱ्याला विचारा. आवाज रोज येतो का कधीतरी, मध्ये श्वास थांबल्यासारखा वाटतो का, घोरणं आहे का, हे तीन प्रश्न. एकटे राहत असाल तर मोबाईलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करणारी ॲप्स आहेत, अचूक नाहीत पण करकर तर पकडतात.

मग आरशासमोर उजेडात उभे राहा. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, कापलेल्या पापडीसारखी नक्षीदार कड दिसते का. गालाच्या आतून दातांच्या रेषेत एक आडवी पांढरी रेघ आहे का. पुढच्या दातांच्या कडा सपाट झाल्यात का, वरचा सुळा खालच्यावर ठेवून बाजूला सरकवला तर दोन सपाट जागा एकमेकांत फिट्ट बसतात का. यातली एखादी खूण नॉर्मल माणसातही असते, तीन-चार एकदम असतील तर विचार करायचा. आणि झीज दिसली म्हणजे आत्ता खाताय असंही नाही, ती दहा वर्षांपूर्वीचीही असू शकते, झीज हा इतिहास आहे. दातांवर आम्ल आलं तरी झीज होते, आणि आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांचे दात त्या घासण्यानेच सपाट झालेले असतात, त्याला दात खाणं समजू नये.

तोंड किती उघडतं तेही बघा. स्वतःच्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जायला हवीत. जात नसतील आणि तुम्ही सुपारी, गुटखा, मावा, पानमसाला यातलं काही खात असाल तर हा लेख इथेच सोडा आणि डेंटिस्ट गाठा, कारण सुपारीने गालाची आतली त्वचा कडक पांढुरकी होत जाते, तिखट खाल्लं की आग होते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं, त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. "रात्री दात आवळतो म्हणून जबडा आखडलाय" असं म्हणत लोक वर्षं घालवतात, आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरने घालवली.

पायरी दुसरी: वहीत दोन आठवडे लिहा

फुकट आहे आणि सगळ्यात कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही. रोज सकाळी तीन ओळी: जबडा किती दुखतोय (० ते १०), काल संध्याकाळनंतर काय प्यायलं, काल दिवस कसा गेला. माझ्या वहीत दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं, जीएसटी रिटर्नच्या तारखा आणि संध्याकाळी सहानंतरचा तिसरा चहा.

चहा-कॉफी, सिगारेट आणि दारू यांचा रात्रीच्या दात खाण्याशी संबंध पुन्हा पुन्हा दिसलाय. दारूने झोप लागते असं वाटतं पण झोप तुटक होते आणि तुटक झोपेत हेच प्रकार वाढतात. चहा बंद करा म्हणणारी मी कोण, डोंबिवलीत राहून चहा सोडणं म्हणजे लोकल सोडण्यासारखं, पण दुपारी चारनंतरचा बंद केला एवढं खरं.

औषधांची यादी काढा. डिप्रेशन-अँग्झायटीसाठीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम, व्हेनलाफॅक्सिन वगैरेंनी, काही लोकांत दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं, बरेचदा गोळी चालू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. मुलांना लक्ष लागावं म्हणून देतात त्या मेथिलफेनिडेटचंही तसंच. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, अजिबात नाही, त्याने भलतंच होतं. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा, ते डोस कमी करतात, गोळी बदलतात किंवा जोडीला दुसरी देतात, मार्ग असतात.

घोरण्याचं वेगळं सांगते कारण हे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबून हुंदक्यासारखा परत सुरू होणं, दिवसा पेंग, बीपी वाढलेलं, मान जाड, असं असेल तर झोपेतला श्वास अडकण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, असण्याची शक्यता आहे, आणि तो दात खाण्यासोबत बरेचदा आढळतो. अशा माणसाने थेट नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) करून घेऊ नये, आधी झोपेची तपासणी करावी, कारण काही जणांत वरच्या दातांचा साधा गार्ड घातल्यावर श्वास जास्त अडकल्याचं दिसलंय. त्यांच्यासाठी सीपॅपचं मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) किंवा खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं वेगळं उपकरण असतं.

शेवटचं, ॲसिडिटी. झोपेत आम्ल वर येतं त्यानेही स्नायू चाळवतात, शिवाय आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल घासलं की आणखी वेगाने जाणार. रात्री अकराला मिसळ हाणून लगेच आडवं व्हायचं नाही. आणि सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी पिऊन लगेच खसाखसा ब्रश करणाऱ्यांनी मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा.

पायरी तिसरी: दिवसाचं आवळणं सोडवा

मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी दाढ कदाचित वाचली असती अशी ही पायरी.

"म्म्म" असा नुसता आवाज काढा, तोंड बंद ठेवून. बघा, ओठ मिटलेत आणि दात सुटे आहेत. आता "न" म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या, टोक वरच्या पटाशीच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं. खांदे खाली सोडा. ही जबड्याची घरी परतल्याची जागा. जीभ तिथे असताना दात आवळायला अवघड जातं, करून बघा.

आता ही जागा दिवसातून शंभर वेळा आठवायला हवी आणि आठवण माणसाला राहत नाही, त्यामुळे खुणा लावायच्या. मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर एक लाल टिकली लावली, कपाळावरची टिकली, तीच. एक फोनच्या मागे, एक किचनमध्ये मिक्सरवर. टिकली दिसली की तपासायचं: दात टेकलेत का? टेकले असतील तर सोडायचे, स्वतःला रागवायचं नाही, बस. कामावर फोनमध्ये दर तासाला एक मेसेज टाकणारं रिमाइंडरही चालतं. पहिल्या आठवड्यात लाज वाटेल इतक्या वेळा दात टेकलेले सापडतात, माझे दहातून सात वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हात न लावता आपोआप सुटायला लागले आणि दुपारची कानशिलं दुखणं बंद झालं, एकही गोळी न घेता.

रात्रीचं दात खाणं याने थांबेल अशी खात्री कोणी देऊ नये, झोपेत तुमचा कंट्रोल नसतो. पण दिवसाचा ओव्हरटाइम गेला की स्नायूंना दुरुस्तीला वेळ मिळतो.

सोबत काय करायचं: दुखऱ्या बाजूला गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक १५-२० मिनिटं, झोपायच्या आधी. मग बोटांच्या टोकांनी त्या फुगणाऱ्या गोळ्यावर गोल गोल हलका मसाज, तोंड किंचित उघडं ठेवून. दुखण्याच्या दिवसांत चिक्की, सुपारी, ऊस, कडक भाकरीचा पापुद्रा, च्युइंगम आणि पेनाचं टोपण, सगळं बंद, वरण-भात आणि खिचडीवर काढा चार दिवस. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे जबडा एकदम फाकणार नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात जिकडे तिकडे दिसते, पुरावा फारसा नाही, मी दोन डबे संपवले, पोट साफ झालं एवढाच फरक.

पायरी चौथी: डेंटिस्टकडे जाताना

दात तुटलाय, सळक जातेय, फिलिंग वारंवार पडतंय, सकाळी रोज जबडा दुखतोय, यापैकी काही असेल तर जायचंच. वही घेऊन जा, औषधांची यादी घेऊन जा. ते स्नायू दाबून बघतील, तोंड किती उघडतं ते मोजतील, कागदासारखी रंगीत पट्टी चावायला देतील, गरज वाटली तर पूर्ण जबड्याचा एक्स-रे. झोपेच्या लॅबमध्ये रात्रभर तारा लावून केलेली तपासणी हा पक्का पुरावा असतो पण तो फक्त घोरणाऱ्यांना किंवा विचित्र केसमध्येच लागतो.

खिसा हलका असेल तर शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात एक, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला, आणि गोव्यात बांबोळीला. वेळ मोडतो, रांग लागते, पण तिथे हे रोजचं काम आहे.

एका गोष्टीला मात्र पटकन हो म्हणू नका. मी गेले त्या पहिल्या क्लिनिकमध्ये मला सांगितलं की तुमचे दात नीट बसत नाहीत, चार-पाच दाढा थोड्या घासून बाईट (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) ॲडजस्ट करू, सवय थांबेल. नशीब, त्या दिवशी माझी मीटिंग होती म्हणून पुढची तारीख घेतली. दात खाणं थांबवण्यासाठी चांगले दात घासण्याला आधार नाही, आणि घासलेलं इनॅमल परत मिळत नाही. नव्या कॅपचा उंचवटा लागतोय म्हणून ती कॅप घासणं वेगळं, ते करावंच लागतं. फक्त यासाठी म्हणून ब्रेसेस लावणं, किंवा पहिल्याच भेटीत "सगळ्या दातांना कॅप घालू" हेही त्याच पंगतीतलं, अशा वेळी दुसऱ्याचं मत घ्यायचं.

पायरी पाचवी: नाइट गार्ड

गार्ड म्हणजे हेल्मेट. हेल्मेटने अपघात थांबत नाही, डोकं वाचतं (आणि पुणेकरांना ते का नको असतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे). गार्ड घातल्यावर पहिले एक-दोन आठवडे स्नायू जरा शांत होतात, मग बहुतेकांचं खाणं परत सुरू होतं, फक्त आता इनॅमलच्या ऐवजी ॲक्रिलिक झिजतं. त्याच्यासाठीच तो आहे. "गार्ड घालूनही सवय गेली नाही" अशी तक्रार घेऊन मी गेले होते तेव्हा डॉक्टर हसले होते.

कसला घ्यायचा: मोठ्या माणसाला सहसा कडक ॲक्रिलिकचा, माप घेऊन लॅबमध्ये बनवलेला, एका जबड्याच्या सगळ्या दातांवर बसणारा. सगळ्या दातांवर हे महत्त्वाचं, फक्त पुढच्या दातांवरचा छोटा गार्ड महिनोन्महिने वापरला तर मोकळ्या राहिलेल्या दाढा सरकून बाईट बदलू शकतो. मऊ रबरी गार्ड स्वस्त आणि सुरुवातीला छान वाटतो पण काही लोक तो च्युइंगमसारखा जास्तच चावतात, मी त्यातलीच, सहा महिन्यांत भोक पाडलं. ऑनलाइन मिळतात ते गरम पाण्यात मऊ करून चावायचे, तात्पुरते चार दिवस ठीक. माझ्या कडक गार्डला साडेचार हजार लागले, शहर आणि लॅबप्रमाणे हा आकडा बराच खालीवर होतो, आधी विचारून घ्या आणि नंतरच्या ॲडजस्टमेंटचे पैसे त्यात धरलेत का तेही.

बसवताना डॉक्टर रंगीत पट्टीने बघतात की सगळ्या दाढा गार्डवर एकसारख्या टेकतायत. याला वेळ लागतो, घाई करणाऱ्याकडून परत करून घ्या. पहिल्या रात्री तोंडात पाणी सुटतं, दात आवळल्यासारखे वाटतात, मी झोपेत काढून उशीखाली ठेवला होता, आठवतही नाही. आठवडाभरात सवय होते. एखाद्याच दाताला टोचत असेल, किंवा सकाळी काढल्यावर अर्ध्या तासानंतरही दात वेगळे बसतायत असं वाटत असेल तर परत जा. दोन आठवड्यांनी एकदा आणि मग सहा महिन्यांनी दाखवायचाच.

निगा: गार पाणी, मऊ ब्रश, थोडा हात धुवायचा साबण. टूथपेस्ट नाही, तिने चरे पडतात. उकळतं पाणी तर नाहीच, आकार बिघडतो. भोकं असलेल्या डबीत सुका ठेवा, आणि डबीत ठेवा म्हणजे डबीतच, टिश्यूत गुंडाळून ठेवला की कामवाल्या मावशी कचऱ्यात टाकतात. कुत्र्यांनाही हे फार आवडतात.

पायरी सहावी: एवढं करूनही दुखत असेल तर

फिजिओथेरपिस्ट जबड्याचेही व्यायाम देतात हे फार लोकांना माहिती नसतं, मानेचं दुखणं सोबत असेल तर उपयोग होतो. सूज-वेदना जास्त असतील तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी वेदनाशामक किंवा झोपताना स्नायू सैल करणारी गोळी देतात, कायमची नाही. मनावरचा ताण खरंच डोक्यावरून पाणी जाईल इतका असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा कसला, कोविडच्या काळात अमेरिकेतल्या डेंटिस्टच्या संघटनेने विचारलं तेव्हा सुमारे ७० टक्के डेंटिस्टनी दात खाणारे, आवळणारे पेशंट वाढलेत असं सांगितलं होतं.

बोटॉक्स सध्या फॅशनमध्ये आहे. गालाच्या स्नायूत इंजेक्शन देतात, स्नायू कमजोर होतो, जोर कमी पडतो, दुखणं बऱ्याच जणांचं उतरतं. पण मेंदूची ती तालबद्ध हालचाल चालूच राहते, असर तीन-चार महिने टिकतो, परत टोचावं लागतं, चावताना दमल्यासारखं होतं, कधी हसू वाकडं होतं, आणि वारंवार घेतल्यावर जबड्याच्या हाडावर परिणाम होतो का याची चर्चा अजून चालू आहे. बाकी सगळं करून थकलेल्यांसाठी ठीक, नुसता चेहरा बारीक दिसावा म्हणून "ब्रुक्सिझमचं" नाव सांगून घेणाऱ्यांचं त्यांचं त्यांना माहीत.

तुटलेले, झिजलेले दात बांधायचं काम सगळ्यात शेवटी. दुखणं शांत झालं, गार्डची सवय लागली की मगच कॅप वगैरे, आणि नव्या कॅप लागल्या की जुना गार्ड बसत नाही, नवा करावा लागतो, हा खर्च आधीच हिशोबात धरा. मी धरला नव्हता, अकाउंट्सवाली असून.

लहान मुलांचं

पाच-सहा वर्षांचं पोर रात्री करकर दात खातं आणि आजी जंताचं औषध आणायला पाठवते, हे घराघरात आहे. जंत आणि दात खाणं यांचा पक्का संबंध सिद्ध झालेला नाही. जंताचं औषध द्यायला हरकत नाही, राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतातच, ती पोटासाठी आणि रक्त वाढण्यासाठी चांगली, पण ती देऊन दात खाणं थांबलं नाही म्हणून दर महिन्याला देत बसू नका. बहुतेक मुलांत पक्के दात येता येता हे आपोआप कमी होतं. गार्ड देत नाहीत कारण जबडा वाढत असतो. बघायचं ते एवढंच: मूल तोंड उघडं ठेवून झोपतं का, घोरतं का, टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढलेत का, नाक कायम चोंदलेलं असतं का. तसं असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसावाले डॉक्टर.

या वेळी घरी शेकत बसू नका

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, घास चावताना जबडा थकून दुखणं आणि सोबत नजर अंधुक होणं, हा रक्तवाहिनीला सूज येण्याचा आजार असू शकतो, उशीर झाला तर दृष्टी जाते, त्याच दिवशी डॉक्टर. जिना चढताना किंवा चालताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, छातीत दडपण, घाम, हे हृदयाचं असू शकतं, डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. वारा लागला, ब्रश लागला की विजेचा झटका बसल्यासारखी क्षणभर कळ, ती नसेची असते, औषधं वेगळी. आणि तोंड उघडं राहून मिटतच नसेल, किंवा अचानक दोन बोटांपलीकडे उघडतच नसेल, तर जोर लावून चाळे न करता थेट हॉस्पिटल.

माझं आत्ताचं विचाराल तर दाढेला कॅप आहे, गार्डवर डावीकडे खोल चरे पडलेत आणि उजवीकडे जवळजवळ नाहीत, डॉक्टरांनी भिंगातून दाखवले. नवरा म्हणतो आवाज गेला नाही पण आता सुपारी नाही, प्लॅस्टिकची पिशवी चुरगळल्यासारखा येतो. मॉनिटरवरची टिकली मागच्या महिन्यात हाउसकीपिंगवाल्याने पुसून टाकली, नवीन लावलीये.